तलावाकाठी तंबू ठोकण्याआधी

प्रश्न : आम्ही नवरा-बायको सप्टेंबरअखेर गाडीने भंडारदऱ्याला जाणार आहोत. तलावाकाठी आवडेल तिथे तंबू ठोकला तर चालेल ना? रंध्याला पाण्यात उतरता येईल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : महिना अगदी योग्य निवडलात. पावसाचा जोर ओसरलेला असतो आणि धबधबेही वाहते असतात. मात्र काठ मोकळा दिसला, तरी तिथे कुठेही मुक्काम करता येत नाही. रतनवाडीकडचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे वनविभागाचे नियम लागू होतात. सोपा मार्ग म्हणजे स्थानिकांनी चालवलेला तंबूमुक्काम आधीच ठरवणे. स्वतःचा तंबू असेल, तर गावकऱ्याच्या खासगी जागेत, त्याला विचारून, पाण्यापासून दूर आणि उंचावर ठोका.

रंधा धबधबा कठड्याआडूनच पाहा, पाण्यात उतरू नका. तो प्रवरेवर आहे. धरणातून विसर्ग वाढला की आकाश निरभ्र असतानाही पाणी चढते.

थंडी वाजली तरी तंबूत शेगडी किंवा कोळसे पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जाऊ शकतो. जाड पांघरुणे न्या, अंधार पडण्याआधी मुक्कामी पोहोचा आणि निश्चिंत मनाने सहलीचा आनंद घ्या.