जलरंगाचे प्रात्यक्षिक: तासाभरात, प्रेक्षकांसमोर

जलरंगात ओला रंग थांबत नाही आणि वाळता रंग घाई करू देत नाही. म्हणून प्रात्यक्षिकाचा सगळा तास वाळण्याच्या वेळेभोवती बेतावा. रंग ओला असताना हात चालवायचा, वाळत असताना तोंड. उदाहरणाला वाईचा कृष्णाघाट घेऊ: आकाश, देऊळ, पायऱ्या, पाणी.

साहित्य
- 300 जीएसएमचा कोल्ड-प्रेस्ड कागद, 15×22 इंच (याहून लहान चित्र मागच्यांना दिसत नाही)
- बोर्ड, मास्किंग टेप, 2बी पेन्सिल, जाड काळा मार्कर
- मोठा फ्लॅट, गोल 12 नंबर आणि रिगर ब्रश
- अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सायना, यलो ऑकर, लाइट रेड, सॅप ग्रीन
- पाण्याची दोन भांडी, टिश्यू, हेअर ड्रायर

पूर्वतयारी
1. हेच चित्र आधी घरी एकदा रंगवून घ्यावे. लोकांसमोर नवा विषय हाताळू नये.
2. उजव्या हाताने काम करत असाल तर बोर्डाच्या डावीकडे उभे राहा आणि जास्त खुर्च्या उजवीकडे मांडा. बोर्ड साधारण 30 अंशांत तिरका ठेवा. त्याहून उभा केला तर रंग ओघळतो. शेवटच्या खुर्चीत बसून काय दिसते ते तपासा.

कृती
1. आराखडा (5 मिनिटे). वेगळ्या कागदावर मार्करने छोटा आराखडा काढा: काळे, करडे, पांढरे, एवढेच. पेन्सिलच्या रेषा लांबून दिसत नाहीत, हा आराखडा दिसतो. तो शेवटपर्यंत शेजारी लावून ठेवा.
2. रेखाटन (10 मिनिटे). मोठे आकार आधी घ्या. पायऱ्या मोजत बसू नका.
3. पहिला वॉश (10 मिनिटे). आकाशापासून पाण्यापर्यंत सलग उतरा. देवळाची उन्हातली बाजू आणि माणसांचे कपडे यांच्या जागी कागद कोरा सोडा. वाळल्यावर रंग फिका होतो, म्हणून थोडा गडद लावा. या वेळी प्रश्न घेऊ नका, तसे सुरुवातीलाच सांगून ठेवा.
4. वाळवण (10 मिनिटे). आता बोला. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना मिसळून राखाडीपासून जवळजवळ काळ्यापर्यंतच्या छटा करून दाखवा. पावसाळी हवेत ड्रायर लागतो. पण कागदावरची चमक गेल्यावरच तो सुरू करा, नाहीतर वाऱ्याने रंग पळतो. बोटांची मागची बाजू कागदाला लावून पाहा. गार लागला तर आत ओल आहे. अर्धवट ओल्या रंगात पाण्याने भरलेला ब्रश टेकला की फुलकोबीसारखे डाग उमटतात.
5. सावल्या (15 मिनिटे). देवळाची, पायऱ्यांची आणि झाडांची सावली शक्यतो एकमेकांत मिसळू द्या. प्रतिबिंब उभ्या फटकाऱ्यांनी काढा. गडद वस्तूचे प्रतिबिंब किंचित फिके आणि उजळ वस्तूचे किंचित गडद ठेवा.
6. तपशील (5 मिनिटे). दोन-चार माणसे, रिगरने एखादी दोरी किंवा फांदी. मग ब्रश खाली ठेवा.
7. शेवट (5 मिनिटे). टेप चित्रापासून बाहेरच्या दिशेने सावकाश ओढा आणि चित्रावर माउंट ठेवून दाखवा.

बिघडले तर: ओला डाग टिश्यूने टिपा. वाळला असेल तर पुढच्या सावलीत घ्या, आणि काय करता आहात ते मोठ्याने सांगा. बघणाऱ्यांना हेच घरी उपयोगी पडते.

पॅलेट लगेच धुऊ नका. कार्यक्रम संपल्यावर शिकणारे जवळ येतात, तेव्हा कोणत्या छटेत काय मिसळले होते ते तिथेच दाखवता येते.