ऑइल बदलण्याची वेळ गाडीला कशी कळते? आणि त्यासाठी पैसे कसे साठवावे?

गाडी सुरू करताच समोर पान्याचे चिन्ह किंवा 'सर्व्हिस' असा शब्द दिसतो. गॅरेजमध्ये काही हजारांचे बिल होते आणि त्या महिन्याचा हिशेब कोलमडतो. काही जण मग सर्व्हिसिंग पुढे ढकलतात, काही जण उसने घेतात. पण हा खर्च अचानक आलेला नसतो. तो कधी येणार हे आधीच ठरलेले असते आणि ते तुम्हालाही काढता येते.

गाडी काय मोजते?

बऱ्याच गाड्यांमधील सूचना साध्या मोजणीवर चालते. मागच्या सर्व्हिसिंगनंतर किती किलोमीटर झाले आणि किती महिने गेले, एवढेच गाडी मोजते. यांपैकी जी मर्यादा आधी भरेल, तिच्यानुसार सूचना येते. आपल्याकडे अनेक मोटारींसाठी ही मर्यादा १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष अशी असते. तुमच्या गाडीची मर्यादा तिच्यासोबत मिळालेल्या पुस्तिकेत दिलेली असते. धुळीचे रस्ते, सततची गर्दी किंवा रोजच्या छोट्या फेऱ्या असतील तर ऑइल लवकर बदलायला सांगितलेले असते.

काही गाड्यांमध्ये इंजिनाचे फेरे आणि तापमान पाहून ऑइलचे उरलेले आयुष्य टक्क्यांत दाखवतात. तोही बहुधा हिशेबाने काढलेला अंदाजच असतो.

गाडी कमी चालली तरी ऑइल बदलावे लागते. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही. त्यामुळे ओलावा आणि न जळलेले इंधन ऑइलमध्ये मिसळत राहते.

सूचना काय सांगत नाही?

ऑइल गळून किंवा जळून कमी झाले, तर ही मोजणी ते सांगत नाही. म्हणून महिन्यातून एकदा गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद करून काही मिनिटे थांबा आणि डिपस्टिक पाहा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असले पाहिजे.

तेलाच्या झारीसारखे लाल चिन्ह मात्र वेगळे आहे. ते चालत्या गाडीत लागले, तर ऑइलचा दाब कमी झाला आहे असे समजा. गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन ताबडतोब बंद करा.

पैशांचा हिशेब

खालील आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. तुमच्या मागच्या बिलातला आकडा घ्या.

उदाहरण १ : घरची गाडी महिन्याला ४०० किलोमीटर चालते, म्हणजे वर्षाला ४,८००. येथे १ वर्षाची मर्यादा आधी भरेल. सर्व्हिसिंगचा खर्च ६,००० रुपये असेल, तर दरमहा ५०० रुपये बाजूला काढा. सर्व्हिसिंग झाल्याच्या आठवड्यातच बँकेत १२ महिन्यांची आवर्ती ठेव सुरू करा. पुढच्या वेळी पैसे तयार असतील, वर थोडे व्याजही मिळेल.

उदाहरण २ : टॅक्सी महिन्याला २,५०० किलोमीटर चालते. १०,००० किलोमीटर ४ महिन्यांतच भरतात. ६,००० भागिले १०,००० म्हणजे दर किलोमीटरला ६० पैसे. म्हणजेच महिन्याला १,५०० रुपये. येथे १२ महिन्यांची ठेव उपयोगी नाही, कारण पैसे ४ महिन्यांनी लागतात. ते वेगळ्या बचत खात्यात ठेवा. रोजच्या कमाईतले हे ६० पैसे तुमचे उत्पन्न नाही, गाडीचा खर्च आहे.

टाळल्यास काय होते?

खराब किंवा कमी ऑइलवर गाडी चालवत राहिल्यास इंजिन जॅम होऊ शकते. झीज आणि यांत्रिक बिघाड सर्वसाधारण वाहन विम्यात येत नाहीत. वेळेवर सर्व्हिसिंग केले नसेल, तर कंपनी वॉरंटीचा दावाही नाकारू शकते. गाडी कर्जावर घेतली असेल, तर ती बंद पडली तरी हप्ता थांबत नाही. टॅक्सीवाल्याची तर कमाई बंद आणि हप्ता चालू, अशी स्थिती होते.

लक्षात ठेवा

• सर्व्हिसिंगनंतर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू केली आहे ना, हे गॅरेजमध्येच विचारा.
• बिलावर तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहून घ्या. सर्व बिले जपून ठेवा.
• जुनी गाडी घेताना केवळ सूचना दिसत नाही म्हणून विश्वास ठेवू नका. ऑइल न बदलताही मोजणी शून्यावर आणता येते. बिले मागा.
• पुढची तारीख आणि किलोमीटर दोन्ही आजच दिनदर्शिकेवर लिहा आणि पहिली रक्कम याच महिन्यात भरा.