लेक म्हणाली, एक वर्ष थांबते

मे महिन्यात बारावीचा निकाल लागला की यवतमाळात काय, पुसदला काय अन् वणीला काय, आईबापांना एकच प्रश्न येतो: "मंग, आता का करून राह्यली तुमची पोरगी?" इंजिनीअरिंग, फार्मसी, बीएस्सी ॲग्री, असं काही सांगता आलं की आपण सुटतो. पण पोरगी घरात म्हणत असेल, "आई, मला एक वर्ष थांबायचंय," तर काय सांगायचं?

माझी लेक असंच म्हणाली. तेव्हापासून तशाच आईबापांशी बोलणं होत असतं. वर्ष वाया जाईल ही काळजी सगळ्यांनाच आहे, पण लोकांना काय सांगायचं याची धास्ती त्या काळजीहून मोठी. मग लग्नाकार्यात कुणी विचारायच्या आत आपणच सांगून टाकतो, "नीट रिपीट करते." लेक शेजारी ताट घेऊन उभी असते, आणि तिनं तसं म्हटलेलंच नसतं.

तसं थांबणं आपल्याला नवं नाही. नांदेड, लातूर, नागपूर, अकोला, दरवर्षी आपली पोरं ड्रॉप घेऊन जातातच. नीट कितीही वेळा देता येते, म्हणून एका वर्षाची दोन-तीन वर्षं होतात. जेईई मेन लागोपाठ तीन वर्षं देता येते, ॲडव्हान्स्ड मात्र लागोपाठच्या दोनच वर्षांत. परीक्षेसाठी थांबलं की आपण कर्ज काढून होस्टेलचे पैसे भरतो. पण "मला अजून कळत नाही काय करायचं" असं पोरगी खरं खरं बोलली, की आपल्याला तो आळस वाटतो. मला हे पटत नाही. मनात नसताना तिसऱ्यांदा नीटला बसण्यापेक्षा हे बोलायला जास्त धीर लागतो.

अकरावी-बारावीची दोन वर्षं या पोरांनी कशी काढलीत ते आठवून पाहा. पहाटेची शिकवणी, कॉलेजची हजेरी, प्रॅक्टिकल, रविवारी टेस्ट. आपल्याला काय आवडतं हे शोधायला त्यात सवड कुठं होती?

थांबलेल्या पोरांना सगळ्यात जड जातात ते ॲडमिशनचे महिने. मैत्रिणींच्या स्टेटसला होस्टेलची खोली, नवी बॅग, कॉलेजचं गेट. लेक ते बघते, फोन पालथा ठेवते आणि भूक नाही म्हणते. त्या वेळी "तूच ठरवलंस ना?" हे वाक्य आपल्या अगदी ओठांवर येतं. थकलेले असतो, दुकानातून नाहीतर ऑफिसातून नुकतेच आलेले असतो. तरी ते गिळावं. ताट वाढून जवळ बसावं, तेवढं पुरतं.

दुसरं म्हणजे, ती घरी आहे म्हटल्यावर घरातली सगळी कामं तिच्याकडं सरकतात. सिलिंडर, पाहुण्यांचा चहा, आजीचा दवाखाना. "तू घरीच आहेस ना" असं आपण दिवसातून कितीदा म्हणतो! मुलीच्या बाबतीत तर आणखी एक होतं. शिक्षण सुटलं समजून नातेवाईक स्थळं सांगायला लागतात. इथं आईबापांनी ठाम उभं राहायला हवं. "ती शिकणार आहे, हा विषय काढू नका," असं तिच्यादेखत सांगा. त्यानं तिला फार बळ येतं.

वर्षाला थोडा आकार मात्र हवा, आणि तो तिनंच द्यावा. विनोबांचं उदाहरण आपल्या शेजारचंच, पवनारचे ते. 1917 साली, जेमतेम एकविशीत, त्यांनी गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेतली आणि वाईला नारायणशास्त्री मराठ्यांकडे संस्कृत ग्रंथ शिकायला गेले. वर्ष संपताना त्यांनी गांधीजींना पत्रातून सगळा हिशेब दिला: काय वाचलं, कुणाला गीता शिकवली, किती पायी हिंडले, वाचनालयासाठी दळण दळून पैसे कसे जमवले. कुणी रोज पाठीमागं लागलं नव्हतं, तरी हिशेब आला. आपणही लेकीला महिन्यातून एकदा निवांत विचारावं, रोज संध्याकाळी नको.

करण्यासारखं आपल्या जिल्ह्यातही पुष्कळ आहे. टायपिंग, एमएस-सीआयटी, ओळखीच्या मेडिकलमध्ये किंवा वकिलाकडं चार महिने काम, दिवाळीच्या आसपास घरच्या कापसाच्या वेचणीचा नि मजुरीचा हिशेब. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सोमनाथला, मे महिन्यात आनंदवनची श्रमसंस्कार छावणी असते. अगदीच रिकामं वाटलं तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाव घालून घरून शिकता येतं. पण आधी नीट चौकशी करा, नाव घातलं की कागदोपत्री तो गॅप राहत नाही.

कागदांचं सांगायलाच हवं, कारण पुढच्या वर्षी धावपळ तिथंच होते. प्रवेशाच्या वेळी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात; मधल्या काळात कुठंही प्रवेश घेतला नव्हता, असं त्यात लिहून द्यावं लागतं. राखीव जागेतून प्रवेश हवा असेल तर जात वैधतेची फाईल याच वर्षात टाका, तिला महिने लागू शकतात. शिष्यवृत्तीला गॅपचा काय नियम आहे, तेही थांबण्याआधीच कॉलेजात विचारून घ्या.

आणि निकालाच्या आठवड्यात काहीच ठरवू नका. घरातले सगळे तापलेले असतात, बाहेरचं ऊनही. लेकरू फारच गप्प झालं, जेवण-झोप तुटली, तर थांबू नका. शासनाची टेलि-मानस ही सेवा 14416 या नंबरवर चोवीस तास मोफत आहे, तिथं मराठीतूनही बोलता येतं. हा नंबर आजच तुमच्या आणि तिच्याही फोनमध्ये टाकून ठेवा.