नवऱ्याच्या व्हिसावर, स्वतःच्या कामाला

लग्न होऊन परदेशी जाणाऱ्या मुली विदर्भात आता नवलाच्या राहिल्या नाहीत. मुलगा काय करतो, कुठल्या शहरात असतो, पगार किती, याची चौकशी बोलणीच्या वेळी तासभर चालते. मुलगी तिकडे गेल्यावर काय करणार, हा विषय मात्र बहुतेक घरांत निघत नाही. निघालाच तर ‘करेल काहीतरी, शिकलेली आहे’ एवढ्यावर मिटतो. खालच्या संवादातली भाची सेवाग्रामला बी.एस्सी. नर्सिंग शिकली, वॉर्डात काम करते आणि आता नवऱ्याकडे स्टुटगार्टला निघाली आहे. आत्या निवृत्त नर्सिंग ट्यूटर. जर्मनीला गेलेल्या अनेक विद्यार्थिनींचे कागद तिच्या नजरेखालून गेलेले.

भाची : आत्या, सासरचे म्हणतात, तू ‘डिपेंडंट’ म्हणून चाललीस, तुला तिथं नोकरी करता येणार नाही. आणि ते खरंच वाटतं मला. माझी मैत्रीण टेक्ससला गेली, ती तेव्हापासून घरीच आहे.

आत्या : मैत्रिणीचं खरं आहे आणि तुझ्या सासरच्यांचं चुकतंय. देश बदलला की कायदा बदलतो. अमेरिकेत नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असला की बायकोला एच-फोर मिळतो, आणि नुसत्या एच-फोरवर एक दिवसही पगारी काम करता येत नाही. २६ मे २०१५ पासून एक वाट उघडली. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेतला आय-१४० हा अर्ज मंजूर झाला असेल, किंवा त्याच प्रक्रियेमुळे त्याला सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळाली असेल, तर बायकोला कामाचा परवाना मागता येतो. म्हणजे तिची नोकरी नवऱ्याच्या कंपनीने अर्ज कधी भरला यावर अडकली. नातेवाईक म्हणतात, ‘एवढी शिकली आणि घरी बसली.’ मला राग येतो त्याचा. ती बसली नाही, कायद्याने तिला बसवलं.

भाची : मग जर्मनीत?

आत्या : जर्मनीत जोडीदार म्हणून मिळालेल्या परवान्यावर कामाची पूर्ण मुभा आहे. अर्धवेळ, पूर्णवेळ, स्वतःचा व्यवसायसुद्धा. व्हिसा हातात आला की त्यावर ‘एर्व्हेर्ब्सटेटिगकाइट एर्लाउब्ट’ अशी ओळ शोध. काम करण्यास परवानगी, एवढाच तिचा अर्थ. पुढे तिथलं रहिवासी कार्ड मिळेल, त्यावरही बोट ठेवून वाच. आणि सासरी दाखव. पण कॅनडात गेली असतीस तर उत्तर वेगळं होतं. तिथे २१ जानेवारी २०२५ पासून जोडीदाराचा कामाचा खुला परवाना नवऱ्याच्या नोकरीच्या दर्जावर अवलंबून झाला. म्हणून कुणाच्या मावसबहिणीचं काय झालं यावरून आपलं ठरवायचं नाही.

भाची : ह्यांच्याकडे ब्लू कार्ड आहे, उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना. त्यामुळे मला व्हिसासाठी जर्मनची ए-१ परीक्षासुद्धा लागणार नाही. म्हणूनच मी अजून क्लास लावला नाही.

आत्या : तिथंच घसरतात मुली! ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी भाषेची अट नाही, हे बरोबर. पण नर्सला कामासाठी साधारण बी-२ लागते, म्हणजे ए-१ च्या वर आणखी तीन पायऱ्या. व्हिसाने सूट दिली, वॉर्ड देणार नाही. आजपासून जाईपर्यंत तुला जे महिने मिळाले आहेत, तेवढ्यात बी-१ जवळ पोचता येईल. तिकडे घर लावायचं, थंडी, एकटेपणा, सगळं एकदम अंगावर येतं. इथे निदान डबा आई करून देते.

भाची : तिथं सरकारी भाषावर्ग असतात ना?

आत्या : असतात, आणि चांगले असतात. ‘इंटेग्रात्सिऑन्सकुर्स’ म्हणतात. ६०० तास भाषा आणि १०० तास तिथला कायदा, इतिहास, समाज. पण तो तुला बी-१ पर्यंतच नेतो. पुढचा बी-२ साठी नोकरीच्या भाषेचा वर्ग वेगळा. सगळं तिथं जाऊन शून्यापासून केलंस तर पहिलं वर्ष त्यातच जाईल.

भाची : पण इतकी भाषा कशाला? इंजेक्शन, सलाईन, बीपी सगळीकडे सारखंच.

आत्या : केरळातून आपल्याकडे आलेल्या सिस्टर आठवतात का तुला? त्यांचा हात उत्तम होता. पण आर्वी-कारंज्याकडची म्हातारी म्हणायची, ‘पोटात गोळा येते’, ‘अंग मोडून येते’, ‘छातीत धकधक होते’. हे पुस्तकात नव्हतं. त्या मुली वॉर्डातल्या आयांकडून, पेशंटच्या नातेवाइकांकडून शिकल्या. वर्षभराने त्या अशी वऱ्हाडी बोलायच्या की पेशंट त्यांनाच हाक मारायचा. आता तू त्यांच्या जागी उभी राहणार. ऐंशी वर्षांचा जर्मन आजोबा रात्री दोन वाजता घाबरून काहीतरी पुटपुटेल. ते तुला कळलं पाहिजे आणि सकाळी पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला नीट सांगताही आलं पाहिजे.

भाची : बरं, भाषा झाली. मग सरळ नर्स म्हणून लागेन?

आत्या : नाही. काम करायची परवानगी आणि नर्स म्हणवून घ्यायची परवानगी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात, ऑफिसात, गोदामात तू पहिल्या दिवसापासून लागू शकतेस. पण नर्सिंग हा तिथं कायद्याने राखलेला पेशा आहे. तुझ्या शिक्षणाची तुलना तिथल्या शिक्षणाशी होते. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात हे काम स्टुटगार्टचं रेगिएरुंग्सप्रेझीडियम करतं. ते बहुधा एक निकालपत्र देतात, तुमच्या शिक्षणात अमुक अमुक कमी आहे म्हणून. हे पत्र वाचून मुली रडतात. रडू नकोस. त्या पत्रातच पुढची वाट लिहिलेली असते : एक तर रुग्णालयात ठरावीक काळ देखरेखीखाली काम करून कमतरता भरून काढायची, नाही तर ज्ञानपरीक्षा द्यायची. परीक्षेत तोंडी भाग असतो आणि प्रत्यक्ष पेशंटवरचं कामही दाखवावं लागतं.

भाची : कमी काय निघतं आपलं? चार वर्षं शिकलो आम्ही.

आत्या : बहुतेक वेळा कागद कमी निघतो. तिथल्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात २,१०० तास वर्गात आणि २,५०० तास प्रत्यक्ष कामाचे. ते तुझे तास मोजणार : मेडिसिन वॉर्डात किती, सर्जरीत किती, बालरोगात, मानसोपचारात, समाजात जाऊन किती. आपल्या मार्कशीटवर मार्क असतात, तास नसतात. तू गावोगाव फिरून बाळंतिणी तपासल्यास, लसीकरणाला गेलीस, ते सगळं कागदावर आलं नाही तर त्यांच्या लेखी झालंच नाही. म्हणून कॉलेजकडून विषयवार, वॉर्डवार तासांचा दाखला घे. विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, अनुभवाचा दाखला. त्या दाखल्यात ‘समाधानकारक सेवा केली’ एवढंच नको. कुठला वॉर्ड, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास, हे सगळं लिहून घे.

भाची : हे तिथून मागवता येणार नाही का?

आत्या : येतं. पण तू तिथून फोन करणार, इथे बाबांनी रजा काढून खेपा घालायच्या, आणि सहीसाठी लागणारे साहेब नेमके सुट्टीवर. आणखी एक, तुझं नाव. पदवीवर तुझं, वडिलांचं आणि माहेरचं आडनाव आहे. पासपोर्ट?

भाची : लग्नानंतर बदलायला दिलाय. मधलं नाव आणि आडनाव, दोन्ही.

आत्या : अगं, थांबायचं होतं थोडं. आपल्या महाराष्ट्रात लग्न झालं की मुलीच्या नावातला एक शब्द तेवढा उरतो, बाकीचे दोन बदलतात. जर्मन कारकुनाला ही दोन वेगळी माणसं दिसतात. आता बदललंच असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र प्रत्येक अर्जाला जोड, आणि जुन्या पासपोर्टची प्रत जपून ठेव. ज्यांनी अजून बदललं नाही त्यांना माझं सांगणं असतं की बदलू नका. लग्न झालं म्हणून पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असा काही नियम नाही.

भाची : महाराष्ट्र सरकारनेही बाडेन-वुर्टेम्बर्गशी करार केलाय ना? त्याचा मला उपयोग?

आत्या : फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला, दहा हजार कुशल माणसं पाठवायची म्हणून. पण तो नोकरीसाठी जाणाऱ्यांसाठी. तुला तिथं जायचा हक्क लग्नाने मिळाला आहे. शिक्षणाच्या मान्यतेची चाळणी मात्र त्यांना आणि तुला एकच. त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नकोस. मान्यतेचा सल्ला देणारी मोफत केंद्रं तिथं आहेत, रोजगार कार्यालयातही सल्ला फुकट मिळतो.

भाची : मान्यता येईपर्यंत काय करू? घरी बसून राहवणार नाही मला.

आत्या : नर्सिंग सहायक म्हणून लाग. रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात. आता मी सांगते ते नीट ऐक, कारण आपल्या मुलींना सगळ्यात मोठा धक्का इथेच बसतो. आपल्याकडे पेशंटला आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, डायपर बदलणं हे बहुतेक वेळा नातेवाईक नाही तर आया करतात. सिस्टर औषधं देते, सलाईन लावते, चार्ट भरते. जर्मनीत नातेवाईक भेटायच्या वेळेला येतात आणि जातात. अंग पुसण्यापासून सगळं नर्सनेच करायचं, पूर्ण मान्यता मिळालेल्या नर्सनेसुद्धा. उलट शिरेत सुई टोचणं अनेक ठिकाणी डॉक्टर करतात. पदवी घेतलेल्या मुली फोनवर म्हणतात, ‘मॅडम, आम्हाला इथं आया करून टाकलं.’

भाची : मलाही तसंच वाटलं असतं.

आत्या : वाटेल. पण तू सेवाग्रामची आहेस. आश्रमात परचुरे शास्त्रींची कुटी किती वेळा पाहिलीस? कुष्ठरोगाने झिजलेला तो विद्वान माणूस इथे आला. त्या काळी अशा रोग्याला लोक गावाबाहेर घालवायचे. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगाला मालिश केलं. हे आपण पाहुण्यांना दाखवतो आणि वॉर्डात आल्यावर विसरतो. माझं मत विचारशील तर या बाबतीत जर्मनांची पद्धत बरी आहे. अंग पुसताना पाठीवरचा लाल डाग दिसतो, म्हणजे बेडसोरची सुरुवात. चार्ट भरताना तो दिसत नाही. ते काम मनापासून शीक. फक्त सहायक म्हणून कायमची राहू नकोस. सहायकाचा पगार कमी, आणि तू नर्स आहेस. मान्यतेचा अर्ज मागे पडू देऊ नकोस. माझ्या मते वर्ष-दीड वर्ष धरून चाल.

भाची : ‘मिनीजॉब’ म्हणून काहीतरी असतं, ते सोपं आहे म्हणे.

आत्या : सोपं आहे, म्हणूनच अडकायला होतं. महिन्याला ठरावीक रकमेपर्यंतची ती छोटी नोकरी, २०२५ साली ती मर्यादा ५५६ युरो होती. हातखर्च सुटतो, पण त्यातून तुझा स्वतःचा आरोग्य विमा किंवा बेकारी विमा उभा राहत नाही. भाषेचा सराव म्हणून काही महिने ठीक. तसाच करवर्गाचा मुद्दा. नवरा-बायको मिळून ठरवू शकतात. ‘तीन-पाच’ घेतलं, म्हणजे नवऱ्याला तिसरा वर्ग आणि बायकोला पाचवा, तर जास्त कमावणाऱ्या नवऱ्याच्या हातात पगार जास्त येतो आणि बायकोच्या पगारातून कर भरपूर कापला जातो. वर्षाअखेरीच्या हिशेबात घराचं गणित जमतं, पण दर महिन्याला तुझी पगारपावती बघून कुणीतरी म्हणणार, एवढ्यासाठी कशाला राबतेस? पुढे बाळंतपणाचा भत्तासुद्धा तुझ्या हातात पडणाऱ्या पगारावर ठरतो. दोघं कमावत असाल तर ‘चार-चार’च ठेवा. लग्नानंतर आपोआप तेच मिळतं, बदलायला जाऊ नका.

भाची : आत्या, एक विचारू? तिथं मी कायम ‘त्याची बायको’च राहणार का? कागदावरसुद्धा?

आत्या : सुरुवातीला कागदावर हो. तुझा राहण्याचा परवाना लग्नाला बांधलेला आहे. साधारणपणे तिथं तीन वर्षं एकत्र संसार झाल्यावर स्वतंत्र हक्क मिळतो. घरात छळ होत असेल तर त्याआधीही मिळू शकतो, हे प्रत्येक मुलीला माहीत असलं पाहिजे. पण त्याहून चांगली वाट आहे. मान्यता मिळून नर्स म्हणून नोकरी लागली की कुशल कामगार म्हणून स्वतःचा परवाना माग. संसार उत्तम चालला असला तरी माग. आणि ‘त्याची बायको’च राहण्याचं म्हणशील तर आपल्याच गावात बघ. आशादेवी आर्यनायकम बंगाली, नवरा सिलोनचा तमिळ. दोघं शांतिनिकेतनात होते, तिथून वर्ध्याला आले. ना त्यांची भाषा इथली, ना माणसं. १९३७ ची शिक्षण परिषद वर्ध्यात झाली, त्यानंतर हिंदुस्थानी तालीमी संघ सुरू झाला, आणि या बाईने सेवाग्रामच्या मुलांमध्ये नई तालीम, म्हणजे गांधीजींची कामातून शिकण्याची पद्धत, उभी केली. १९५४ साली पद्मश्री मिळाली, ती त्यांच्या स्वतःच्या नावावर. त्या इथे आल्या तेव्हा शिकवणं त्यांच्या हातात आधीच होतं. तुझ्याही हातात नर्सिंग आहे.

भाची : मग सुरुवात कुठून करू?

आत्या : सोमवारी कॉलेजच्या कार्यालयात जा. तासांच्या दाखल्यासाठी अर्ज दोन प्रतींत दे, एकीवर तारखेसह पोच घे. त्याच दिवशी जर्मनचा क्लास लाव, ऑनलाइन मिळाला तरी चालेल. परीक्षेला पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनला जावं लागेल, त्याचे पैसे मी देते. आणि राजीनामा सगळ्यात शेवटी, अनुभवाचा दाखला हातात पडल्यावर.