एकाच तळ्यात लहान-मोठी कोळंबी : खुंटलेल्या वाढीची कारणे



एका पाड्यावरील बचत गटाच्या बहिणींनी शेततळ्यात गोड्या पाण्यातील कोळंबी वाढवली. जुलैत बीज सोडले, डिसेंबरात जाळे ओढले. थोडी कोळंबी वीतभर, निळ्या नांग्यांची. बाकीची पुष्कळशी बोटाएवढीच. बारक्या मालाला व्यापाऱ्याने अर्धाही भाव दिला नाही. “खाद्य तळ्यात पडलंच नाही, बाहेर विकलं गेलं,” अशी कुजबुज सुरू झाली. रोज खाद्य टाकणाऱ्या राखणदार दादांवर संशय आला. ते काही बोलले नाहीत; कुटुंब घेऊन वीटभट्टीवर निघून गेले. मलाही शंका आली होती, हे कबूल करते. नंतर जे शिकले, ते या पाठात मांडते आहे.

१. नरांची उतरंड. आपण पाळतो त्या मोठ्या कोळंबीचे शास्त्रीय नाव मॅक्रोब्रॅकियम रोझनबर्गी. तिचे प्रौढ नर तीन प्रकारचे असतात. बारके नर, ज्यांच्या नांग्या जवळजवळ पारदर्शक असतात. नारिंगी नांग्यांचे, जे सर्वांत झपाट्याने वाढतात. आणि निळ्या नांग्यांचे दांडगे नर, ज्यांची वाढ जवळपास थांबलेली असते. निळ्या नरांच्या वर्चस्वामुळे बारक्यांची वाढ दबून राहते. पुरेसे खाद्य असले तरी हे घडते. निळे नर काढून घेतले, तर नारिंगी त्यांची जागा घेतात आणि बारक्यांपैकी काही वाढीला लागतात.

२. माद्यांची शक्ती अंड्यांत. मादी वयात आली की तिने खाल्लेल्यातला मोठा वाटा अंड्यांकडे जातो आणि अंगाची वाढ मंदावते.

३. कात टाकणे. कोळंबी कात टाकूनच वाढते. नवे कवच मऊ असते, तेव्हा इतर कोळंबी तिला खाते. गर्दीच्या तळ्यात ताण व मारामारी दोन्ही वाढतात.

४. बीज. मोठा माल विकून उरलेल्या लहान, लवकर अंड्यांवर येणाऱ्या माद्यांपासून पिढ्यान् पिढ्या बीज घेतले, तर वाण खालावतो. म्हणून भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने २००७ साली गुजरात, केरळ व ओडिशातील कोळंबी घेऊन निवडीने वाण सुधारण्याचे काम हाती घेतले.

५. पाणी. सुमारे २८ ते ३१ अंश तापमान वाढीस उत्तम. थंडीत कोळंबी कमी खाते. पहाटे पाण्यातला प्राणवायू घटला तरी वाढीवर परिणाम होतो.

फरक ओळखावा. काही मोठी, पुष्कळ बारकी असे दिसले, तर बहुधा ही त्या जातीची रीतच. पण सगळेच तळे बारके राहून लवकर वयात आले, तर बीज किंवा रोग तपासावा. चीनमध्ये अशा खुरट्या कोळंबीत एक विषाणू सापडला. त्याची माहिती २०२१ साली प्रसिद्ध झाली.

काय करावे? बीज खात्रीच्या केंद्रातून घ्यावे. पिले आधी छोट्या तळ्यात वाढवून, आकाराप्रमाणे वेगळी करून सोडावीत. लपायला फांद्या, कौले ठेवावीत. चार-पाच महिन्यांनी मोठ्या डोळ्यांच्या जाळ्याने निळे नर काढून विकावेत; बाकीच्यांना वाढू द्यावे.

आमच्या तळ्यातली विषमता चोरीचा पुरावा नव्हती. हे गटाच्या बैठकीत सांगितले, तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. मग अध्यक्षताई म्हणाल्या, “दादांना आपणच जाऊन सांगू.” दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी भट्टीवर गेलो आणि माफी मागितली. पावसाच्या तोंडावर ते परतले. या वर्षी जाळे कधी ओढायचे, ते दादाच ठरवणार आहेत.

चर्चेसाठी : आपल्या गटात नुकसान झाले, तेव्हा आपण आधी कारण शोधले की माणूस?