विमानाची वाट किती लांब?

मुलांनो, बार्शीटाकळीहून मुंबईला जाणारे लोक बहुधा अकोल्याला जाऊन रेल्वेगाडीत बसतात. बार्शीटाकळी ते अकोला सुमारे २० किलोमीटर आणि अकोला ते मुंबई लोहमार्गाने सुमारे ५८० किलोमीटर. म्हणजे हा प्रवास सुमारे ६०० किलोमीटरांचा झाला.

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईसाठी विमानसेवा सुरू झाली. आकाशात रूळ नसतात, मैलाचे दगडही नसतात. मग या दोन विमानतळांमधील अंतर कसे काढावे?

त्यासाठी अक्षांश व रेखांश उपयोगी पडतात. बेलोरा २०.८१ उत्तर अक्षांशावर व ७७.७२ पूर्व रेखांशावर आहे. मुंबईचा विमानतळ १९.०९ उत्तर अक्षांशावर व ७२.८७ पूर्व रेखांशावर आहे. दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांत १.७२ अंशांचा आणि रेखांशांत ४.८५ अंशांचा फरक आहे.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा एक अंशही विषुववृत्तावर तेवढाच असतो. परंतु सर्व रेखावृत्ते ध्रुवांवर एकत्र येतात. त्यामुळे उत्तरेकडे जावे तसे त्यांच्यातील अंतर कमी होते. आपल्या भागात ते एका अंशाला सुमारे १०४ किलोमीटर भरते.

आता हिशेब करू.

दक्षिणोत्तर अंतर : १.७२ × १११ = सुमारे १९१ कि.मी.
पूर्व-पश्चिम अंतर : ४.८५ × १०४ = सुमारे ५०४ कि.मी.

या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू झाल्या. विमानाची सरळ वाट म्हणजे त्याचा कर्ण. पायथागोरसच्या सिद्धान्तानुसार ३६,४८१ + २,५४,०१६ = २,९०,४९७. याचे वर्गमूळ सुमारे ५३९. म्हणजे हवाई अंतर सुमारे ५४० किलोमीटर आहे. मुंबई ते जेद्दा अशा लांबच्या अंतरासाठी मात्र ही रीत चालत नाही. तेथे पृथ्वीची गोलाई धरून हिशेब करावा लागतो.

तर मग विमानाचा प्रवास रेल्वेपेक्षा कमी अंतराचा झाला का? घाई करू नका. बार्शीटाकळीहून बेलोऱ्याला पोहोचायलाच शंभर किलोमीटरांहून अधिक रस्ता आहे, आणि तोही मुंबईच्या उलट दिशेला! दोन्ही मिळून ६४० किलोमीटरांहून जास्त होतात. विमानाने वेळ वाचेल, अंतर वाचणार नाही. म्हणून अंतर मोजताना विमानतळापासून नव्हे, आपल्या घराच्या दारापासून मोजावे.

शब्दार्थ
लोहमार्ग – रेल्वेचा रस्ता
कर्ण – काटकोनासमोरची बाजू
रीत – पद्धत

स्वाध्याय
१. उत्तरेकडे जाताना रेखावृत्तांमधील अंतर कमी का होते?
२. नागपूरचा विमानतळ २१.०९ उत्तर अक्षांशावर व ७९.०५ पूर्व रेखांशावर आहे. तेथून मुंबईचे हवाई अंतर काढा.
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : सरळ, लांब, उत्तर दिशा.