गार्ड मालकांनी काढलं, बोट माझं गेलं

प्रश्न : फर्निचर कारखान्यात गोल करवतीवर फळी चिरताना माझी उजवी तर्जनी मुळापासून तुटली. पात्यावरचं गार्ड मालकांनीच काढून ठेवलं होतं. आता म्हणतात, ‘चूक तुझी, भरपाई कसली?’

उत्तर : असं म्हणून त्यांना हात झटकता येणार नाहीत. नुसत्या निष्काळजीपणानं भरपाईचा हक्क जात नाही. कामगार नशेत असेल किंवा त्यानं स्वतः मुद्दाम गार्ड काढलं असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून त्या उघड्या पात्याचा फोटो आजच मिळवा, ते बदलायच्या आत. पूर्ण तर्जनीसाठी कामगार भरपाईच्या कायद्याच्या अनुसूचीत कमाईक्षमतेची घट 14 टक्के धरली आहे. मात्र पगारातून ईएसआय कापत असतील, तर अपंगत्वलाभ महामंडळाकडून मागायचा. आणि कोऱ्या कागदावर सही मुळीच करू नका.